पिवळी पट्टी आणि झिक्रीतचा खळगा

दोह्याला जाऊन आलेली माणसं समुद्रकाठच्या काचेच्या इमारतींचे फोटो दाखवतात. मला मात्र विमानतळावरून घरी नेल्यावर, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत, सगळ्यात आधी जे दाखवण्यात आलं ते एका गाडीचं बूड होतं.

"माई, वाक जरा," माझी लेक वैशाली म्हणाली. "आणखी वाक. दिसलं?"

एकाहत्तराव्या वर्षी, विमानातलं ते रबरी ऑम्लेट पोटात घेऊन, मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका मोकळ्या प्लॉटवर गुडघ्यांवर हात टेकून वाकले. समोर एक पांढरं, लांबलचक, खिडक्या-पडदेवालं घर चाकांवर उभं होतं. त्याचं नाक वर आणि शेपूट खाली, एखादी म्हैस मागच्या पायांवर बसायच्या बेतात असावी तसं. शेपटाची लोखंडी पट्टी खरवडून खरवडून आरशासारखी चकाकत होती आणि सांडपाण्याचा पाइप तारेनं बांधून ठेवला होता.

"दिसलं," मी म्हणाले. "कुठंतरी बसून घसरत आलीये बाई ही."

माझ्या मागे उभे असलेले जावईबापू खूश झाले. त्यांचं मत मी उतरल्या उतरल्या मांडलं होतं.

ह्या घराला इकडे फिफ्थ-व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. मी मोजायला गेले तर पिकअपची चार आणि घराची चार अशी आठ चाकं भरली. वैशालीनं मला पिकअपच्या मागच्या हौद्यात एक जाड, काळी, ग्रीस फासलेली लोखंडी ताटली दाखवली. घराच्या नाकाखाली एक खुंटा असतो, तो ह्या ताटलीत अडकतो आणि घराचा पुढचा भार पिकअपच्या पाठीवर येतो. ती आडवी ताटली म्हणजे पाचवं चाक. ते फिरत नाही, धावत नाही, नुसतं भार घेऊन वळतं. आमच्या घरात अशी एक सासूबाई होती. असो.

वैशाली इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हे घर तिनं कुणा परत जाणाऱ्या माणसाकडून जुनं घेतलं होतं. इकडे थंडी पडली की लोक आठवडेच्या आठवडे वाळवंटात, समुद्रकाठी तंबू नि घरगाड्या ठोकून राहतात. तशी ही तीन वेळा निघाली आणि तिन्ही वेळा घासली. कारण साधं होतं. घर जुनं नि बुटकं, पिकअप नवी नि उंच. पुढून नाक उचललं गेलं की मागून शेपूट जमिनीला. तिसऱ्या वेळी एका पेट्रोल पंपाच्या तोंडाशी गतिरोधकावर पाइप तुटला आणि आतलं सगळं पाणी, ते कसलं पाणी हे मी लिहीत नाही, अविनाशरावांच्या बुटांवरून वाहत गेलं. अविनाशराव, म्हणजे आमचे जावई, एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगणाऱ्या माणसावर असा प्रसंग यावा, हे मला ऐकतानाही फार आवडलं.

त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं, विकायची. अल दुहैलला राहणारे त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ घ्यायला तयारही होते. त्यांना ती चालवायची नव्हती, कंपाउंडमध्ये पाहुण्यांची खोली म्हणून कायमची उभी करायची होती.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, अगं मग दे की विकून. वैशाली आमटी वाढत होती. पळी तशीच हातात ठेवून ती म्हणाली, "माई, इथे आल्यापासून सहा भाड्याची घरं बदलली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. हे एकच घर माझ्या नावावर आहे."

 शेवटी अविनाशरावांनीच तोड काढली. वैशालीला हवं तसं एकदा चाकांचं काम करून घ्यावं, गाडी उंच करावी, आणि येत्या गुरुवारी झिक्रीतला न्यावी. झिक्रीत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची एक जागा, डांबरी रस्ता सोडून खडबडीत वाटेनं जावं लागतं. जाता-येता कुठेही घासली नाही तर घर राहील. घासली तर दुहैलवाल्यांना फोन. आणि घासली की नाही ह्यावर वाद नको म्हणून शेपटाच्या पट्टीला कोरा पिवळा रंग द्यायचा. रंग बोलेल. माणूस सेफ्टी ऑफिसर आहे, अटी घालण्यात त्याचा हात कोण धरणार.

"मला मंजूर," वैशाली म्हणाली. "शब्द देते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही इंडस्ट्रियल एरियात गेलो. दोह्याचा हा भाग फोटोत येत नाही. एकसारख्या गल्ल्या, एकसारखी पत्र्याची शटरं, जमिनीवर तेलाचे नकाशे आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कराडच्या नाक्यावर उसाच्या गाड्या दुरुस्त करणारी गल्ली हुबेहूब अशीच आहे, फक्त इथे ऊस नव्हता आणि शिव्या पाच भाषांत होत्या.

वर्कशॉपवाले हसनभाई मूळचे श्रीवर्धनकडचे. आवाज खणखणीत, पोट पुढे, आणि स्वतःच्या कामाबद्दल अजिबात संकोच नाही. मराठी कानावर पडताच त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, फडक्यानं पुसली आणि करक (दूध आटवलेला, वेलची घातलेला कडक चहा) हातात दिला.

"चाची, बसा नि बगा. कतारात ह्या कामात माझ्यासारखा दुसरा नाय."

"असं किती जण म्हणतात?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात. मी खरं सांगतो, एवढाच फरक."

मी बसले नि बघितलं. त्यांनी घराला चारी बाजूंनी ठोकळे लावून उचललं, चाकं काढली आणि मला खालचा सगळा संसार उघडा दिसला. दोन ॲक्सल (चाकांचे आडवे दांडे) आणि त्यांना धरून ठेवणारे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान. जुन्या गाडीत ॲक्सल पाट्यांच्या वर बसवले होते आणि पाटे खाली लोंबत होते. हसनभाईंनी ते उलट करायचं ठरवलं. ॲक्सल खाली, पाटे त्याच्या डोक्यावर. तेवढ्यानं अख्खं घर जवळजवळ वीतभर वर जातं. पण नुसता ॲक्सल पालथा करून चालत नाही, त्याला किंचित बाक असतो नि तो वरच्याच अंगाला राहायला हवा. म्हणून पाटे टेकायच्या नव्या बैठका वरच्या बाजूनं वेल्ड करायच्या. वैशालीनं खाली वाकून प्रत्येक बैठक पट्टीनं मोजली. हसनभाईंनी तिला अडवलं नाही, उलट मापं मोठ्यानं सांगत राहिले, चुकलं असतं तर तिथल्या तिथे भांडायला दोघंही तयार होते.

जुने पाटे थकून सपाट झाले होते. त्यांच्या जागी एक पट्टी जास्त असलेले जाड पाटे आले. पाट्यांच्या टोकांच्या भोकांत बसणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या बुशा, म्हणजे बारक्या नळ्या, झिजून भुगा झाल्या होत्या, तिथे पितळी आल्या, आणि ज्यांच्या पोटात ग्रीस भरता येतं असे नवे बोल्ट. प्रत्येक चाकाशेजारी धक्के गिळणारा शॉकॲब्सॉर्बर. ब्रेकच्या तारा आखूड पडल्या, त्या वाढवल्या. हे दोन संध्याकाळी चाललं. मी दोन्ही दिवस खुर्चीवर होते. घरी कुणी विचारलं की म्हणते, मीच करून घेतलं.

काम झाल्यावर ठोकळे काढले आणि घर नव्या पाट्यांवर उतरलं. थोडं हललं, श्वास सोडल्यासारखं, आणि उभं राहिलं. सरळ. पिकअपला जोडून पाहिलं तर नाकापासून शेपटापर्यंत एक रेघ. वैशालीनं घराच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. लहानपणी आमच्या शेळीच्या पाठीवरून फिरवायची तसा.

फक्त मला आता दारातून आत जाता येईना. पायरी छातीशी आली होती. हसनभाईंनी मला आपादमस्तक पाहिलं, म्हणाले चाचीचं माप घ्यायचं राहिलं, आणि उरल्या चौकोनी पाइपांतून दोन पायऱ्यांचा घडवंचीसारखा चौरंग जोडून दिला, कठड्यासकट. मी त्यावर चढून दारात उभी राहिले आणि हात हलवला. शेजारच्या शटरमधल्या दोघांनी परत हलवला.

पिवळा रंग वाळल्यावर मी पर्समधून कुंकवाची डबी काढली. नारळ वैशालीनं अल मन्सूरा भागातल्या दुकानातून आणला होता. हसनभाईंनी ऐरणीशेजारची जागा झाडून दिली. मी म्हटलं, तुम्हाला चालेल ना हो? त्यावर ते म्हणाले, "नारळ काय तुमच्या घाटावर लागतात, चाची? आमच्याकडनंच येतात. फोडा." मी चाकांना कुंकू लावलं, पिकअपच्या नाकाला लावलं, आणि कोण बघत नाही असं पाहून त्या पिवळ्या पट्टीच्या कोपऱ्यालाही एक बोट लावलं. खोबरं वाटताना हसनभाई वैशालीला काहीतरी समजावत होते. वजन पुढे ठेवा, पाण्याचे कॅन झोपायच्या खोलीत ठेवा, असं काहीसं. माझं अर्धं लक्ष खोबऱ्यात होतं.

आता इथे थोडं मागे जायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि नवी नवरी. लग्न लावून एसटीतून उतरलो, तिथून सासरच्या गावापर्यंत बैलगाडी. अंगावर नायलॉनची साडी, आमच्या आळीत पहिली. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावी म्हणून मी गाडीत सासूबाईंच्या जवळ, पुढे, बसले नाही. अगदी मागच्या काठावर बसले. माझी ट्रंक, पितळी हंडा, पिंप, सगळं माझ्याभोवती मांडून घेतलं, जसं काही प्रदर्शनच. ओढ्याचा चढ लागला आणि गाडी उलाळ झाली. उलाळ म्हणजे मागं भार जास्त होऊन पुढून उचलली जाणारी गाडी. जू वर गेलं, बैलांच्या गळ्याला जोतं आवळलं, मामंजी ओरडले, आणि मॅट्रिक पास सूनबाई हंड्यासकट ओढ्यात. साडी दिसली सगळ्यांना, त्यात वाद नाही. हा किस्सा आमच्या घरात दर दिवाळीला निघतो. वैशालीला तो तोंडपाठ आहे, आणि तो सांगताना ती मला मुद्दाम थोडी जाडी करते.

तर गुरुवार. वैशाली शाळेत गेली होती, दुपारी येऊन लगेच निघायचं होतं. घर फाटकाबाहेर तयार उभं. मी चौरंगावरून आत चढले आणि पाहते तर काय. पुढे, पिकअपच्या पाठीवर येणारी झोपायची खोली, आणि तिथे पलंगाशेजारी कोळशाची पोती, तांदळाचं पोतं थेट पलंगाच्या पायथ्याशी, चादरीला टेकलेलं. लोणच्याची बरणी उशीजवळ. आणि स्वयंपाकघर? ते अगदी मागे, शेपटात, आणि साफ रिकामं. मला वाटलं, पोरगी घाईत होती. अंथरुणावर कुणी अन्न ठेवतं का? आमच्याकडे लहान पोरानं गादीवर बसून भाकरी खाल्ली तरी पाठीत धपाटा बसायचा. एवढ्यात पाणीवाला मोठे कॅन घेऊन आला. त्यानं कुठं ठेवू विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाकघरात, आणखी कुठं? आणि भाऊ, हे तांदूळ नि कोळसा पण तिकडेच न्या. तो केरळचा, मी कराडची, पण हातवाऱ्यांत काही अडलं नाही. मागची सगळी कपाटं भरली, खाली कॅन ओळीनं लावले. अल मन्सूरातल्या ओळखीच्या बायकांनी धाडलेले चकल्यांचे डबे वर रचले. गॅसची टाकी कोपऱ्यात. मला इतकं समाधान वाटलं की मी पलंगाची चादर पण बदलली.

वैशाली आली ती धावतच. दोन घास खाल्ले, दारं बंद आहेत का ते बाहेरून पाहिलं, आणि निघालो. अविनाशरावांना ऑफिस होतं, ते शुक्रवारी सकाळी मागून येणार होते.

लेकीला चालवताना पाहणं हा ह्या प्रवासातला माझा सगळ्यात मोठा देखावा. पन्नाशीची बाई, चष्मा नाकावर, मागे अख्खं घर, आणि वळताना किती लांबून वळावं लागतं ह्याचा अंदाज डोळ्यांत. तिच्या वयाची असताना मी आमच्या जीपचं स्टिअरिंग एकदाच धरलं होतं, आणि चाक कुठं जातंय ते दिसावं म्हणून कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकले होते. जीप कडब्याच्या गंजीत थांबली. गंजीला काही झालं नाही.

शहर मागे पडलं. दुखानकडे जाणारा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना फिकट, भाजलेल्या शंकरपाळ्याच्या रंगाची जमीन. आमच्यासारखीच घरं ओढत निघालेली कुटुंबं, छपरावर सायकली, पाण्याच्या टाक्या. लांबवर उंटांची रांग. मी शेंगदाणे सोलत होते. वैशाली मात्र सारखी आरशात बघायला लागली.

"मागून ओढल्यासारखं करतेय," ती म्हणाली. "पिकअपचं बूड उचलतंय."

मी म्हटलं नवे पाटे आहेत, बसतील. मला काय कळत होतं.

झिक्रीतच्या बाजूला डांबरी रस्ता सोडला, खडीची वाट लागली आणि समोर तो खळगा आला. पावसाच्या पाण्यानं वाट आडवी कापली गेली होती. लांबून सौम्य, जवळून खोल. पुढची चाकं उतरणार, मग चढणार, आणि शेपूट नेमकं ह्या काठावर येणार. वैशालीनं गाडी अलीकडेच थांबवली, खाली उतरली आणि मागे जाऊन वाकली. मी पण उतरले. पिवळी पट्टी कोरी होती, पण जमिनीपासून परवा वर्कशॉपमध्ये होती तेवढी वर नव्हतीच. नाक पुन्हा वर, शेपूट पुन्हा खाली. म्हैस बसायला लागली होती.

"असं कसं?" वैशाली पुटपुटली. तिचा चेहरा एकदम एवढासा झाला. मागे वळून जाण्याइतकी वाट रुंद नव्हती. पुढे गेलं तर पट्टी घासणार हे मलाही दिसत होतं.

मी माझ्या परीनं मार्ग सुचवला. डब्यात हळद आहे, तेलही आहे. घासली तर घासली, कालवून लावू. पिवळं ते पिवळं. अविनाशरावांना रंगातलं काय कळतंय, लग्नात त्यांनी कसला कोट घातला होता आठव.

"माई, मी शब्द दिलाय त्यांना."

एवढंच म्हणाली, आणि आत काही मोडलंय का बघायला मागचं दार उघडलं. 

"माई, पाणी इथे कसं आलं?"

"स्वयंपाकघरात पाणी नाही तर काय असेल?"

"आणि तांदूळ? कोळसा?"

मी अंथरुण आणि अन्न ह्याविषयी दोन शब्द सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडणार, आणि ओरडली असती तर तिचा हक्क होता. तिच्या नावावरचं एकुलतं एक घर माझ्या सोवळ्यापायी त्या खळग्याच्या काठावर अडकलं होतं. पण ती चौरंगावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"माई, तुझी वरातीची गाडी. उलाळ झालीये. हंडा, पिंप, ट्रंक, सगळं पुन्हा मागे भरलंस तू."

खरंच की. पिकअप म्हणजे बैल, तो खुंटा म्हणजे जू, आणि मी बावन्न वर्षांनी पुन्हा मागच्या काठावर माझं प्रदर्शन मांडलं होतं. हसनभाईंनी जे सांगितलं होतं ते हेच. मागं भार झाला की पुढचा खुंटा हलका, पिकअपची पाठ उचलली जाते, घराचं नाक वर आणि शेपूट खाली. पाटे बिचारे जागच्या जागी मजबूत होते. उलाळ मी होते.

इतक्यात मागून एक मोठी जीप येऊन थांबली. आतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे कतारी गृहस्थ उतरले, अंगात थोब (पायघोळ पांढरा झगा), पायांत चपला. सलाम करून त्यांनी इथल्या हिंदीत विचारलं, "क्या हुआ माजी, गाड़ी बैठ गया?"

वैशालीनं सांगितलं, सामान पुढे न्यायचंय. त्यांनी बाह्या सारल्या. त्यांचा ड्रायव्हर आणि वैशाली पाण्याचे कॅन वाहत होते, आजोबांनी स्वतः तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं. झोपायच्या खोलीच्या दारात मात्र थबकले. जमिनीवर आता कॅन नि कोळसा होता. जागा उरली होती ती फक्त पलंगावर, माझ्या नव्या चादरीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मी मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी पोतं हळूच आडवं ठेवलं, उशीवर. "चावल को नींद आया?" असं म्हणाले आणि चेहरा अगदी गंभीर ठेवला. मग मीच लोणच्याची बरणी दुसऱ्या उशीवर ठेवली आणि पांघरूण घातलं, हिंदकळू नये म्हणून.

खाली उतरून पाहिलं तर नाक उतरलं होतं. शेपूट वर आलं होतं. पुन्हा एक रेघ.

वैशाली एकटी गाडीत बसली. मी आणि ते आजोबा खळग्याच्या ह्या काठाला, पट्टी दिसेल अशा जागी, दोघंही गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राहिलो. पिकअप उतरली, चढली. घराची चाकं उतरली. नवे पाटे वाकले, मला दिसले वाकताना, आणि पुन्हा उचलले. पिवळी पट्टी काठावर आली.  पट्टी आणि माती ह्यांच्यामध्ये माझा तळहात आडवा जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत राहिला. मग घर चढलं आणि पुढे गेलं.

"माशाल्ला," आजोबा कमरेला हात लावत सरळ झाले. "बेटी अच्छा चलाता है."

मी म्हटलं, मेरी बेटी है. हिंदीत मला तेवढंच सुचलं, पण मी ते दोनदा म्हणाले. त्यांना मी चकल्यांचा एक डबा दिला, त्यांनी जीपमधून खजुराची पेटी काढून दिली.

झिक्रीतला जमीन अचानक विचित्र होते. वाऱ्यानं खालून कोरलेले चुनखडीचे खडक, अळंब्यांसारखे, वर टोपी नि खाली बारीक मान. पलीकडे सपाट, फिकट हिरवा समुद्र, आवाज न करणारा. आम्ही घर वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. मी पिठलं केलं, वैशालीनं भाकऱ्या थापल्या, तोंडी लावायला त्या खजुरांची चटणी. ऊन कललं तेव्हा अळंब्यांच्या सावल्या पाण्यापर्यंत पोचल्या. रात्री मी तांदळाशेजारी झोपले. मला झोप लागली, त्यालाही लागली असावी.

सकाळी अविनाशराव आले. चहासुद्धा घेतला नाही. सरळ मागे गेले, चटई अंथरली, पालथे पडले आणि फोनचा दिवा लावून पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. वैशाली हाताची घडी घालून उभी. कोपऱ्याशी ते थांबले.

"हे लाल काय आहे?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते माहीत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा तोंडात घालून शांतपणे चावला. एवढा हक्क माझा होता.

"कुंकू आहे, अविनाशराव. वास घेऊन बघा."

त्यांनी खरोखर घेतला. मग उठले, गुडघे झाडले, आणि थोडं बाजूला जाऊन फोन लावला. वाऱ्यात मला त्यांचं एवढंच ऐकू आलं, "नाही हो, विकायची नाही. अहो, काय काम करून घेतलंय तिनं, तुम्ही येऊन बघा." त्यानंतरचा अर्धा तास ते दुहैलवाल्यांना पितळी बुशांविषयी सांगत होते. जणू त्यांनीच घातल्या.

शनिवारी परतलो. जाता-येता अशी अट होती, तेव्हा येतानाचा खळगा बाकी होता. अविनाशराव त्यांच्या कारनं मागे, नजर पट्टीवर. मी ह्या वेळी खळग्याशी उतरले नाही, पुढेच बसून राहिले, वैशालीच्या शेजारी, आणि मागे काही सामान तरी नेलंय का म्हणून तिनं मला दोनदा विचारलं. खळग्यात उतरलो, चढलो. मागून भोंगा वाजला, लांब, आनंदाचा. वैशालीनं आरशात पाहिलं आणि पुढे लक्ष ठेवलं. मी तिच्या हातांकडे पाहत होते. ते स्टिअरिंगवर सैल होते.

मी कराडला परतले त्याला आता दोन महिने झाले. घरी आल्यावर सामान उपसताना खजुराची पेटी पलंगावर ठेवली, तर जाऊबाईंनी अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच जुनी नजर आठवली. मी पेटी तिथेच ठेवली. ती एकोणीस वर्षांची नायलॉनवाली अजून कुठंतरी माझ्यात मागच्या काठावर बसलेली असते, एवढं खरं. पण तिची फजिती लेकीनं ध्यानात ठेवली आणि त्यातून स्वतःचं घर खळग्यापार नेलं. ओढ्यात पडल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

दर शुक्रवारी वैशाली फोनवर एक फोटो पाठवते. खाली काही लिहीत नाही. कधी मागे समुद्र असतो, कधी वाळू. पट्टी धुळीनं माखलेली, पण सबंध पिवळी.

गावात कुणी विचारलं की दोहा कसं आहे, तर मी फोन काढते आणि तो फोटो पुढे करते. ते काचेच्या इमारती शोधतात.

"असं नाही दिसणार," मी सांगते. "वाका जरा."